मॅनेजरची हजेरी

कोर्टाच्या कागदावर मी आरोपी क्रमांक एक होते आणि आमचं खेचर मुद्देमाल क्रमांक एक. मुद्देमाल क्रमांक दोन म्हणजे त्याचं खोगीर, लाखेचं सील मारलेलं. खोगीर कोर्टाच्या कपाटात बसून होतं, खेचर माझ्या दारात उभं राहून खात होतं, आणि तारखांना खेटे घालायची पाळी तेवढी माझ्यावर आली होती.

खेचराचं नाव मॅनेजर. बाकीची खेचरं ओझं लादताना मान खाली घालतात. हा मान वर करून, कोण किती काम करतंय ते बघत उभा राहायचा. शिवाय त्याची एक खोड होती. सकाळी पाठीवर खोगीर टाकून पोटाखालून तंगाचा पट्टा आवळला की पुढचा डावा पाय तीनदा जमिनीवर आपटायचा. मुलगा म्हणायचा, "मॅनेजरने हजेरी मांडली, चला." मग कामाला निघायचं. शेजारीण त्या आवाजावर चहाचं आधण उतरवायची. आमच्या चढावरची सगळीच खेचरं खोगीर चढवताना काही ना काही करतात. कोणी पाय आपटतं, कोणी दात वाजवतं, कोणी पोट फुगवून धरतं. खेचराचा स्वभावच तो, असं आम्ही समजत होतो. आभार मानावेत अशी त्यांच्याकडून कोणाची अपेक्षाही नव्हती.

आमची वस्ती चढावर आहे. खालच्या रस्त्यापासून वर दोनशे पायऱ्या, आणि गल्ल्या अशा की समोरून छत्री आली तर आपण छत्री मिटायची. ट्रक खालीच थांबतो. सिमेंट, वाळू, टाइल्स, गॅसचे सिलिंडर, एकदा तर एका नवरीचं आरशाचं कपाट, सगळं खेचराच्या पाठीवरून वर येतं. चढावर खेचरं अठरा, आणि अठराही पाठींवर खोगीर माझ्या हातचं. खोगीरभरती हा शब्द लोक टोमणा मारायला वापरतात. आमच्या घरात तो धंदा आहे. मी तिसरीपर्यंत शिकले, सही येते, पाट्या वाचता येतात. पण खेचर एकदा डोळ्यांखालून जाऊ द्या, टेप न लावता त्याच्या मापाचं खोगीर शिवते. माप बोटांनी. दर चार बोटांवर एक टाका, टाक्याला एक गाठ.

हे मला सासूबाईंनी शिकवलं. त्यांचा नियम एकच होता. गाठ आत घ्यायची, बाहेरून नुसती शिवण दिसली पाहिजे. बाहेर गाठ दिसली की त्या रागवायच्या नाहीत, ओरडायच्या नाहीत. खोगीर माझ्यापुढे सरकवायच्या आणि म्हणायच्या, "उसव." लग्नानंतरचं पहिलं वर्ष मी बहुतेक उसवण्यात काढलं. नंतर अशी शिवायला लागले की खालच्या बाजारातून लोक बघायला यायचे. कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं ते कळायचं नाही.

आणि चांदण्या. माझं खोगीर वर्ष-दोन वर्षं वापरलं की खेचराच्या पाठीवर दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे ठिपके उमटतात. ओळीत, चार-चार बोटांवर. काळपट अंगावर ते फार शोभून दिसतात. चढावर म्हणायचे, चांदण्या उमटल्या, खेचर तयार झालं. खरेदीला येणारा आधी दात बघायचा, मग चांदण्या. दुसऱ्या कोणाच्या खोगिराने चांदण्या उमटत नाहीत, हे मी स्वतः येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे.

सून आली सहा वर्षांपूर्वी. तिच्या माहेरी घोड्यांच्या सामानाचं काम, त्यामुळे दाभण धरायला शिकवावं लागलं नाही. पण गाठ बाहेर घ्यायची. मी म्हटलं, "उसव." तिने उसवलं. मी रोज म्हणत होते, ती रोज उसवत होती. सून बोलत नाही. बोलणाऱ्या माणसाला मी पुरून उरते, न बोलणाऱ्याचं काय करायचं ते मला आजवर जमलेलं नाही.

यंदा मॅनेजरचं नवं खोगीर मी तिला एकटीला शिवायला दिलं. दाभणात दोरा ओवताना माझ्या डोळ्यांना पाणी येतं म्हणून दिलं, पण सांगताना असं सांगितलं की आता तुझी परीक्षा. मुलाने सुतळीऐवजी नायलॉनची दोरी आणली होती. दुकानदार म्हणाला म्हणे, जन्मात तुटायची नाही. सुनेने दोन दिवसांत खोगीर पुरं केलं, आणि पाहते तर सगळ्या गाठी बाहेर, चामखिळीसारख्या. मला इतका संताप आला की उसव म्हणायलाही तोंड उघडलं नाही. मीच डावी बाजू उसवली आणि गाठी एकेक करून आत घेतल्या. उजवी राहिली, कारण डोळ्यांना पाणी यायला लागलं होतं आणि ते तिला दाखवायचं नव्हतं.

तीन आठवड्यांनी निरीक्षक बाई आल्या. जनावरांना कोणी क्रूरपणे वागवतं का ते बघणाऱ्या. पायांत बूट, खांद्याला पिशवी, पिशवीत काटा. परवाना मागितला. तो माझ्या नावावर आहे, नवरा गेल्यापासून. ओझं तोललं, नियमात बसलं. खूर पाहिले, पाण्याची बादली पाहिली. मी दारात स्टुलावर बसून हे सगळं इतरांना दिसेल अशा बेताने बघत होते. मग बाई म्हणाल्या, खोगीर उतरवा.

उजवी बाजू स्वच्छ होती. डाव्या बाजूला दोन जखमा, बाटलीच्या झाकणाएवढ्या, ओल्या.

सबंध गल्ली जमली होती. माझ्याकडे बघत होती. चाळीस वर्षांत माझ्या खोगिराखालून कोणी काही दाखवलं नव्हतं.

"सुनेचं काम," मी म्हटलं. "पहिलंच खोगीर तिचं."

मी खोटं बोलत नव्हते. भरती तिची होती. पेंढा कमी-जास्त झाला की जनावर सोलवटतं, हे कोणीही सांगेल. गाठीने काय होतंय. सुनेच्या हातात मॅनेजरचा दोर होता. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा खोगिराकडे, आणि मान खाली घातली. मी म्हटलं, झालं, कबुली दिली.

पंचनामा झाला. मॅनेजरला प्राण्यांच्या आश्रयगृहात नेलं आणि खोगिराला पोत्यात घालून कोर्टात. तिसऱ्या दिवशी मॅनेजर परत आला. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं, जागा अपुरी. गाडीच्या ड्रायव्हरने खरं कारण सांगितलं. मॅनेजरने दातांनी कडी काढायला शिकून आधी आपला दरवाजा उघडला होता, मग इतरांचे. अकरा कुत्रे आणि एक बोकड अजून सापडायचे होते.

मग कोर्टाने त्याला माझ्याच ताब्यात दिलं. अटी अशा की कामाला लावायचं नाही, विकायचं नाही, औषधपाणी करायचं, बोलावलं की हजर करायचं. मी सही केली. म्हणजे माझ्यावरच्या पुराव्याची राखणदार मीच. त्याला पाणी मी भरायचं, चारा मी आणायचा, आणि तो मान वर करून माझं काम बघणार. मुलगा मधल्या काळात टाइल्स स्वतःच्या पाठीवरून वाहू लागला. आठवड्याने त्याचा खांदा सोलवटला तेव्हा जनावरांच्या डॉक्टरने मॅनेजरच्या डबीतलंच मलम त्याला लावायला सांगितलं. दोघांनाही लागू पडलं.

वकील आमच्या शेजारणीच्या दिराचा मुलगा. कोट नवा होता, आतला माणूस त्याहून नवा. तो म्हणाला, काकू, जखम तारखेच्या आत भरली तर आपल्या फायद्याचं. निरीक्षक बाई म्हणाल्या, जखम भरलीच पाहिजे, दर आठवड्याला फोटो काढणार. डॉक्टरही म्हणाला भरली पाहिजे. कोर्टाच्या कामात तिघांचं एकमत झालेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

बाईंनी नियमांचा छापील कागद दिला होता. सुनेने वाचून दाखवला. ओझं किती, तास किती, दुपारी विसावा, चढ असेल तर ओझं आणखी कमी, गाभण जनावराला काम नाही. पुढच्या आठवड्यात बाई फोटोला आल्या तेव्हा मी त्यांना ऐकवलं. म्हटलं, माझा मुलगा झाला त्याच्या आदल्या दिवशी मी वाळूची सहा घमेली वर नेली होती. तेव्हा काटा घेऊन कोणी आलं नाही.

बाई फोटो काढत होत्या. काढून झाल्यावर म्हणाल्या, "तुम्हाला कोणी विचारलं नाही, म्हणून यालाही कोणी विचारू नये, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

मी चहा टाकला. बिनसाखरेचा पितात हे आधी माहीत असतं तर तेवढीच साखर वाचली असती.

पहिल्या मोठ्या तारखेआधी वकील घरी आला आणि त्याने बेत सांगितला. काकू दोषी ठरल्या तर परवाना रद्द होणार, खेचर कायमचं जाणार. पण खोगीर सुनेने शिवलं, काकूंना न दाखवता चढवलं, असं सुनेने स्वतः सांगितलं तर काकू सुटतात, परवाना राहतो, मॅनेजर राहतो. सुनेचं नाव तेवढं नोंदवहीत जाईल आणि तीन वर्षं तिला ओझ्याच्या जनावराला किंवा त्याच्या सामानाला हात लावता येणार नाही. हे त्याने असं सांगितलं, जणू तिला तीन वर्षं आंबट खायचं नाही.

मुलगा जमिनीकडे बघत बसला. त्याचा बापही अशा वेळी जमिनीकडेच बघायचा.

"मी सांगेन," सून म्हणाली.

"सांगायलाच हवं," मी म्हटलं. "खरंच आहे ते."

त्यानंतरच्या आठवड्यात डॉक्टर आला. जखमा भरल्या होत्या. त्याने बोटांनी केस बाजूला करून पाहिलं आणि म्हणाला, छान, आता इथे पांढरे केस येतील.

मी म्हटलं, "येणारच. चांदण्या."

तो म्हणाला, कसल्या चांदण्या? मग मी त्याला सगळं सांगितलं, माझ्या खोगिराच्या चांदण्या, खालच्या बाजारात त्यांचा मान, खेचर तयार झाल्याची खूण. डॉक्टर शांतपणे ऐकत होता. वयाने माझ्या मुलाहून लहान. हात पुसत म्हणाला, "आजी, तिथे जखम होऊन गेलेली असते. कातडीला मार बसला की केसाचा रंग जातो, तो परत येत नाही. जितक्या चांदण्या, तितक्या जखमा."

उद्या दवाखाना बंद आहे हे सांगावं, तशा आवाजात. मी त्याला म्हटलं, तुमची पुस्तकं लिहिणाऱ्यांनी आयुष्यात एक खेचर तरी वर चढवलं असतं तर बरं झालं असतं. त्याने मलमाची नवी डबी ठेवली आणि तो गेला.

मी मॅनेजरच्या पाठीवर हात ठेवला. दोन व्रणांच्या मध्ये माझी चार बोटं टेकवून पाहिली. बरोबर बसली. मापाला घेतल्यासारखी. मॅनेजरने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तो सगळ्यांकडेच तसा बघतो.

दुसऱ्या दिवशी मी चढावर फिरले. खोगिरांची भरती बघायला आले असं सांगितलं. घरोघर जाऊन खेचराच्या पाठीवर हात फिरवायचा, चार बोटं ठेवायची, पुढच्या दारात जायचं. सतरा खेचरं. सतराही ठिकाणी बोटं बसली. शेवटचं घर चढावरच्या सगळ्यांत म्हाताऱ्या खेचरवाल्याचं. त्याच्या खेचराला दोन्हीकडे सहा-सहा चांदण्या, एकही इकडे-तिकडे नाही. तो म्हणाला, "काय शोधताय मावशी?"

"काही नाही."

"तुमच्या हाताची करामत आहे ही," तो कौतुकाने म्हणाला.

खेचराने पाय आपटला. मी नुसता हातच ठेवला होता.

घरी आले. सासूबाईंच्या हातचं एक खोगीर आम्ही खुंटीला जपून ठेवलं आहे, कोणी वापरत नाही. ते काढून उलटं केलं. आतल्या गाठी वाटाण्यासारख्या वाळल्या होत्या. इतकी वर्षं धूळ झटकायला मी ते उतरवत होते, उलटं कधी केलं नव्हतं. ते जमिनीवर गाठी वर करून ठेवलं आणि त्यावर पाठ टेकून आडवी झाले. पोटावर तांदळाची पिशवी घेतली. ओझं नको का? स्टोव्हवर दूध होतं. म्हटलं, दूध वर येईपर्यंत पडू. खेचर तर पहाटेपासून दुपारपर्यंत उभं असतं.

दूध वर आलं, उतू गेलं, करपलं. वासाने सून धावत आली. मला पाहून थांबली.

"आई, काय करताय?"

"पाठ दुखतेय."

"बरं," ती म्हणाली, स्टोव्ह बंद केला आणि मला हाताला धरून उठवलं. मग न विचारता पाठ उघडी करून मलम लावायला बसली. मॅनेजरच्या डबीतलं. तिची बोटं एका जागी थांबायची, मग चार बोटं सोडून दुसऱ्या जागी.

मी भिंतीकडे तोंड करून विचारलं, "तुमच्याकडे गाठ बाहेर का घेतात?"

"बाबांनी पहिलं खोगीर शिकवलं तेव्हा ते माझ्याच पाठीला बांधलं होतं. दिवसभर. म्हणाले, आता सांग गाठ कुठे हवी."

"मग सहा वर्षं तोंड शिवून का बसलीस?"

"बोलले होते, पहिल्याच महिन्यात. तुम्ही म्हणालात, उसव."

तिने डबीचं झाकण लावलं. करपलेलं पातेलं मीच घासलं. ती घासायला बसली होती, तिच्या हातून काढून घेतलं.

तारखेच्या दिवशी मॅनेजरलाही हजर करायचं होतं. मुलाने त्याला कोर्टाच्या अंगणात स्कूटरच्या रांगेत बांधलं. कडीकोयंड्यांपासून लांब, हे मी बघून घेतलं. न्यायाधीश साहेबांना सर्दी झाली होती. त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं, रुमालात शिंकले आणि मुद्देमाल क्रमांक एक हजर, असं लिहून घेतलं. मग मुद्देमाल क्रमांक दोनचं सील फोडलं. पोतं उघडलं तसा खोलीभर मॅनेजरचा वास सुटला. दोघी-तिघींनी नाकाला हात लावला. मला बरं वाटलं, तेवढंच ओळखीचं काहीतरी.

वकिलाने सुनेला उभं केलं. तिने कठड्यावर हात ठेवला होता. दाभण टोचून टोचून तिच्या अंगठ्याला माझ्यासारखाच घट्टा पडला आहे, हे मी तिथे, इतक्या लांबून, पहिल्यांदा पाहिलं.

"हे खोगीर कोणी शिवलं?" वकिलाने विचारलं.

"मी," ती म्हणाली.

"सगळं?"

तिने खोगिराच्या डाव्या बाजूकडे पाहिलं. तिला खोटं बोलायची सवय नाही, मी लावली नव्हती. "सगळं."

मी उठून उभी राहिले. "डावी बाजू मी शिवली."

वकिलाने मला हाताने खाली बसा, खाली बसा केलं, कोंबडीला हुसकावतात तसं. साहेब म्हणाले, बाई, तुमची पाळी नंतर येईल.

"नंतर बोलले तर हिचं खोटं कागदावर चढेल साहेब. मग ते कोण उसवणार?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, बोला.

मी पुढे गेले. खोगीर उलटं केलं आणि दाखवलं. उजवीकडे सुनेचं काम, गाठी बाहेर, आत हात फिरवला तर गादीसारखं. डावीकडे माझं. साहेबांना म्हटलं, बघू नका, हात लावा. त्यांनी एका गाठीवर अंगठा दाबला. नायलॉन. त्यांनी अंगठा उचलून बघितला, त्यावर खळगा पडला होता. मग त्यांनी खिडकीतून पुन्हा एकदा खाली पाहिलं. या वेळी जरा जास्त वेळ.

"हे तुम्ही मुद्दाम केलं?"

"मुद्दामच. हिने बरोबर शिवलं होतं, मी उसवून आत घेतलं. दुखवायला नाही घेतलं, शोभेला घेतलं. चाळीस वर्षं घेतेय."

"तेव्हा माहीत होतं?"

"नाही. आता माहीत झालं, म्हणून तर उभी राहिले."

"म्हणजे गुन्हा कबूल आहे तुम्हाला?"

"गुन्हा कशाला म्हणतात ते तुम्ही ठरवा. गाठ माझी आहे."

टाइप करणाऱ्या बाईंनी हात थांबवले. म्हणाल्या, "साहेब, गुन्हा लिहू की गाठ?"

"दोन्ही लिहा," साहेब म्हणाले आणि शिंकले.

वकिलाने पेनाला टोपण लावलं. त्याला वाटलं संपलं. पण अर्धं सांगून खाली बसणं मला जमत नाही. मी म्हटलं, साहेब, असे मुद्देमाल अजून सतरा आहेत, सगळे चढावर, सगळे माझ्या हातचे. त्या मालकांचा दोष नाही, त्यांनी विश्वासाने घेतले. कोपऱ्यात बसलेल्या निरीक्षक बाईंनी वही काढली, मग माझ्याकडे पाहिलं आणि वही मिटून मांडीवर ठेवली. वकिलाने डोळे मिटले.

निकाल असा झाला. माहीत नव्हतं ही सबब चालणार नाही. दंड. परवाना दोन महिने बंद, रद्द नाही, कारण जखमेची नीट काळजी घेतली आणि खरं सांगितलं. सुनेवर काही नाही. अठराही खोगिरं डॉक्टरने तपासायची. आणि यापुढे माझ्या हातच्या प्रत्येक खोगिरावर डॉक्टरची सही लागेल. सुनेच्या खोगिराला सही लागणार नाही. मॅनेजर आमच्याकडेच राहणार, कारण तो परत पाठवू नका, असं आश्रयगृहाने लेखी कळवलं होतं. मी खोगीर परत मागितलं. साहेब म्हणाले, अपिलाची मुदत संपेपर्यंत ते कपाटात राहील.

पायऱ्या चढताना मुलगा पुढे मॅनेजरला घेऊन चालला होता. सून माझ्या मागे होती. निम्म्यावर मी दम खायला थांबले तेव्हा तीही थांबली. मी म्हटलं, "सगळं मी शिवलं म्हणे. खोटं बोलायला निदान माझ्याकडून शिकायचं होतंस."

"तुम्हालाही कुठे जमलं?" ती म्हणाली.

सहा वर्षांत तिने मला उलट दिलेलं हे पहिलं उत्तर. चांगलं होतं.

चढावर लोक खूश झाले असं नाही. म्हातारा खेचरवाला दारात येऊन बसला. म्हणाला, "मावशी, चांदण्या नसलेलं खेचर पुढे कोण विकत घेणार?"

"ज्याला खेचर हवंय तो."

"आणि लोक विचारतील तेव्हा या जुन्या चांदण्यांचं काय सांगू?"

"माझं नाव सांगा. आजवर सांगतच होतात."

तो खोगीर उसवायला टाकून गेला. दोघं-तिघं तेही टाकायला तयार नव्हते, त्यांच्या दारात मी जाऊन बसले. मी बसले की लोकांना लवकर पटतं. दोन महिने मी आणि सून अंगणात सतरा खोगिरं घेऊन बसलो. मी उसवायची, ती शिवायची. मग ती म्हणाली, तुम्हीही शिवा. गाठ बाहेर घ्यायची म्हणजे माझा हात ऐनवेळी आत वळायचा, चाळीस वर्षांची सवय त्याला. एकदा मी एक बाजू पुरी करून तिच्यापुढे ठेवली. तिने आत हात घातला, फिरवला, एका जागी थांबवला. खोगीर माझ्यापुढे सरकवलं.

"उसवा, आई."

मी उसवलं. पुन्हा शिवलं. डॉक्टरने सही केली, तीही नेमकी शिवणीवर, निळ्या शाईने. आता ही खोगिरं दिसायला भयंकर दिसतात. गाठी सगळ्या वर, जाणारा-येणारा विचारतो, हे कोणी शिवलं? मी सांगते.

परवाना सुटला त्या दिवशी सकाळी मॅनेजरवर नवं खोगीर चढवलं. डावी बाजू माझी, उजवी सुनेची. मुलाने तंग आवळला आणि दोर हातात घेऊन थांबला. सूनही थांबली. पलीकडे शेजारीण हातात फडकं घेऊन आधणापाशी उभी होती, तिची सवय मोडली नव्हती.

मॅनेजरने मान वर केली. मुलाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आम्ही वाट बघितली. शेजारणीचं आधण उकळून उकळून निम्म्यावर आलं.

"हजेरी विसरला की काय आज," मुलगा म्हणाला.

कोणी हसलं नाही. मी म्हटलं, निघा आता, खाली टाइल्स येऊन पडल्यात. ते निघाले. गल्लीच्या वळणाआड जाईपर्यंत मी दारात उभी राहून त्याच्या डाव्या पायाकडे बघत होते.